द्वारकाबाईचं पहिलं पाणी

सास्तूर गावात ज्याचं वय तिशीच्या आत आहे, त्याच्या अंगावर पहिलं पाणी द्वारकाबाईनं घातलेलं आहे, असं डोळे झाकून धरून चालावं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की द्वारकाबाईला बोलावणं जायचं. ती यायची, पदर खोचायची, आधी बंबाखालचा जाळ बघायची आणि मगच बाळाकडे. पाटावर पाय लांब करून बसली की पोटऱ्यांवर बाळ, हाताशी तांब्या आणि उजव्या हाताचा कोपर पाण्यात. बोटांवर तिचा भरवसा नव्हता. चुलीपाशी वावरून बोटं निबर होतात, कोपराची कातडी मात्र खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. बाळाचं झालं की बाळंतीण. तिच्या अंगाला कोमट तिळाचं तेल, कमरेवर निर्गुडीचा पाला उकळून गाळलेलं पाणी, केसांना शिकेकाई, मग शेपा-ओव्याची धुरी. घरात दिवसभर फणफणणाऱ्या सुनासुद्धा तिच्या हाताखाली मऊ पडायच्या, काही तर पाटावरच पेंगायच्या.

त्यामुळे गावात कुणी कितीही मोठा म्हणवत असो, द्वारकाबाईसमोरून फार छाती काढून जात नसे. तिनं सगळ्यांना पाहिलेलं होतं, आणि कोणत्या अवस्थेत पाहिलं होतं ते तिलाही नि त्यांनाही ठाऊक होतं.

पण द्वारकाबाई स्वतः कशी न्हाते, हे कुणी कधी विचारलं नाही. पहाटे, गडीमाणसं उठायच्या आत, घरामागच्या दोन पत्र्यांच्या आडोशाला, लुगडं अंगावरच ठेवून दीड बादली गार पाणी. तांब्याचा आवाजसुद्धा होऊ द्यायचा नाही. बंब पेटायचा तो पुरुषांसाठी. आता ही काय एकट्या द्वारकाबाईची गोष्ट नव्हे, आळीतल्या सगळ्या बायकांची तीच तऱ्हा होती. पण द्वारकाबाईच्या वाट्याला त्यातही एक जास्तीचा नियम होता.

तो नियम आला भूकंपानंतर. भूकंपात नवरा गेला तेव्हा ती तीस वर्षांची होती, मुलगा बजरंग अकरा महिन्यांचा. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, असं घर क्षणात खाली आलं. त्या वर्षीची दिवाळी पत्र्याच्या शेडमध्ये उजाडली. दिवाळी कसली, पण थोरली जाऊ गिरिजाबाई म्हणाली, राहिलेल्या लेकरांना तरी तेल-उटणं लावू. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. शेवटी द्वारकाबाईनं उटण्याची वाटी पुढं ओढली, तर गिरिजाबाईनं ती उचलून फळीवर ठेवली. पिंपाच्या तळाशी राहिलेलं गार पाणी बादलीत ओतून तिच्यापुढं सरकवलं.

"द्वारका, आता सणाचं तुझं पाणी शेवटचं. आन वासाचं काय लावू नगं."

गिरिजाबाई रागानं बोलली नव्हती. डोळे भरून बोलली होती, आणि तेच द्वारकाबाईला जास्त लागलं. रागाला उलटून बोलता येतं. मायेनं दिलेल्या गार पाण्याचं काय करायचं, हे तिला त्या दिवशी समजलं नाही. तिनं ते अंगावर ओतून घेतलं.

पुढं एकतीस दिवाळ्या झाल्या. गंमत अशी, की सगळ्या आळीचं उटणं द्वारकाबाईच कुटायची. वाळा, नागरमोथा, आवळकाठी, गव्हला-कचोरा, वाळवलेली संत्र्याची साल. तुळजापूरच्या बाजारातून सामान आणण्यापासून वस्त्रगाळ करण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. हातांना दोन दिवस वास राहायचा. सणाचा तिचा वाटा तेवढाच. तिनं कुटलेलं उटणं लावून न्हालेल्या बायकांना मात्र त्यात काही चुकल्यासारखं कधी वाटलं नाही.

गिरिजाबाईचा नवरा उत्तरेश्वर, सगळ्यांचे तात्या. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला द्वारकाबाईची जीभ रेटत नसे. भावाच्या माघारी त्यांनी तिचं शेत पेरून दिलं, बांध वीतभरही सरकवला नाही, बजरंगला ट्रॅक्टर शिकवला. बदल्यात तात्यांना एवढंच हवं असायचं, की त्यांनी सांगावं आणि या घरानं मान डोलवावी. एकतीस वर्षं ती डोललीही.

बिघडलं ते गेल्या उन्हाळ्यात. शेजारच्या बब्रुवानच्या नातवाला न्हाऊ घालताना द्वारकाबाईची बोटं मिटेनात. साबण लागलेलं बाळ पोटरीवरून घसरलं, तिनं गुडघे जुळवून अडवलं म्हणून निभावलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण तिच्या आलं. घरी येऊन तिनं सुनेला सांगितलं, आजपासून मला कुणी बोलवायला आलं तर नाही म्हण. आणि मग भाकरी थापायला बसली, तर परातीतलं पीठही तिच्या हाताला दाद देईना.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "आजी, सांधे धरलेत. कोमट पाण्यात बसत जा, वीस मिनिटं. अंग बुडेल असं. घरी टब आहे का?"

बरोबर आलेली सून दीपमाला फिसकन हसली. द्वारकाबाई हसली नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. जन्मभर पाणी तिच्या अंगावरून वाहून गेलं होतं. पाण्यात बसणं हे तिनं कधी केलं नव्हतं, तसं करता येतं हेही कधी मनात आलं नव्हतं. लोहारा मागं पडलं तोवर तिचा विचार झालेला होता.

"बजरंग," घरी येताच ती म्हणाली, "जुन्या गावातली डोण आण."

डोण म्हणजे बैलांना पाणी पाजायचा दगडी हौद. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, त्याआधीच्या पडलेल्या घराच्या दारात तो होता. एकाच दगडात कोरलेला, माणूस पाय दुमडून आरामात बसेल एवढा लांब, तळाला भोक आणि भोकात लाकडी दट्ट्या. घर पडलं, डोण राहिली. एकतीस वर्षं वेड्या बाभळीखाली तशीच पडून होती.

"गुरं कुठायत आता आपल्याकडं?" बजरंग म्हणाला.

"गुरांना न्हाय. मला."

बजरंग आईचा शब्द मोडणारा नव्हता, कुणाचाच शब्द मोडणारा नव्हता, ही त्याची खरी अडचण. साखळी लावून ट्रॅक्टरनं त्यानं डोण आणली. घरामागं कढीपत्त्याच्या झाडाजवळ विटांवर बसवली आणि भोवती चार बाजूंनी पत्रे ठोकले, वर मात्र मोकळं आभाळ. दाराच्या पत्र्याला तो कडी बसवायला लागला तेव्हा द्वारकाबाईनं त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. भूकंपानंतर तिनं आतून कुठल्या दाराला कडी लावली नव्हती. दगडाच्या भिंतीला पाठ टेकून ती बसायचीसुद्धा नाही. पण डोणीवर तिचा राग नव्हता. जुन्या घराच्या सगळ्या दगडांत हा एकच असा होता, की ज्यानं कुणाला मारलं नव्हतं.

तीन दिवस तिनं ती राखेनं, मिठानं, काथ्यानं घासली. आत निळसर काळा दगड चकचकायला लागला. आळीला तेवढे तीन दिवस पुरले. द्वारकाबाई म्हैस झाली म्हणे, डुंबणार आहे म्हणे. नळाला चार दिवसांनी पाणी येतं अशा गावात असली चैन कुणाला सुचावी? बब्रुवान कुंपणावरून म्हणाला, "वहिनी, एवढं पाणी वाया घालणं बरं न्हाय."

"आठ बादल्या बसतेत," द्वारकाबाई म्हणाली. "दट्ट्या काढला की कढीपत्त्याला आन लिंबोणीला जातेत. तुमची फटफटी धुता ते पाणी कुठं जातंय, तेवढं बघून या, मग बोलू."

बब्रुवान बघून आला नाही.

दीपमाला नळदुर्गची, बारावी झालेली, मोबाईलवर साऱ्या जगाचं बघणारी. तिनं सासूला एक व्हिडिओ दाखवला. गोरीपान बाई, पांढरा टब, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या, कडेनं मेणबत्त्या.

"आत्या, ह्याला अरोमाथेरपी म्हणतेत. वासाचं तेल पाण्यात टाकायचं. निम्मं दुखणं वासानंच जातंय."

"वासानं दुखणं जातंय, हे तू मला सांगतीस व्हय?" द्वारकाबाई म्हणाली. पण खरं सांगायचं तर ती भुलली. निर्गुडीचा पाला बांधावर फुकट मिळतो, त्याला कोण विचारतं? हे तेल बाटलीतून आलेलं, बाटलीवर छापलेलं, दीपमालानं घरपोच मागवलेलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगाला काय चालतं नि काय नाही हे जोखणाऱ्या बाईनं स्वतःच्या अंगाची पाळी आली तेव्हा बाटलीला मान दिला. चूक तिथंच झाली.

दसरा झाल्यावरच्या आठवड्यात पहिल्यांदा पाणी तापवलं. दीपमालानं फरशीच्या बादलीत फिनेल टाकावं तसं त्या नीलगिरीच्या तेलाची दोन टोपणं भरून डोणीत ओतली आणि हातानं ढवळलं. द्वारकाबाई आत उतरली. आधी गारगार वाटलं, छातीत मोकळं वाटलं. आणि मग काखेत, पाठीवर, मांड्यांना आग सुटली. ती ओरडून उठायला गेली तर तेलानं दगड बुळबुळीत झालेला. पाय सटकला, कोपर काठावर आपटला. दीपमालानं तिला धरून बाहेर काढलं, डाळीच्या पिठानं नि साध्या पाण्यानं अंग धुतलं. अंगावर तळहाताएवढे लाल चट्टे उठले होते. दीपमाला रडत होती, द्वारकाबाई शिव्या देत होती, पण सुनेला नाही, स्वतःला.

गावाला हवं ते मिळालं. देवीआईनंच दाखवलं, म्हणे. तुळजापूरच्या वाटेवरच्या गावात राहून विधवा बाईनं वासाच्या पाण्यात बसावं, तर दुसरं काय होणार? संध्याकाळी तात्या आले. ओट्यावर बसले, चहा घेतला नाही. द्वारकाबाई आत दाराशी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तात्या तिच्याशी थेट बोलत नसत, बजरंगला सांगत आणि ते तिनं ऐकायचं, अशी रीत होती.

"बजरंग, झालं तेवढं लई झालं. रविवारी ती डोण होती तिथं नेऊन टाक. बाईमाणसानं पायरी सोडू नये. आपल्या घराला शोभत न्हाय हे."

बजरंगनं मान डोलवली. आतून द्वारकाबाईची मात्र या वेळी डोलली नाही.

रविवारी सकाळी बजरंग साखळी घेऊन घरामागं गेला, तर आई डोणीत बसलेली. कोरड्या डोणीत, नऊवारी नेसून, मांडीवर सूप घेऊन ती तूर निवडत होती.

"आई, उठ की."

"म्या न्हाय उठत."

"तात्यानं सांगितलंय."

"मग तात्याला म्हणावं, माझ्यासकट उचला. जुन्या गावात टाकायचं तर दोघींना टाका. तिथंच होतो आमी दोघी."

बजरंग बराच वेळ साखळी हातात घेऊन उभा राहिला. द्वारकाबाईनं तूर निवडली, मग लसूण सोलला. दुपारची भाकरी दीपमालानं तिला तिथंच आणून दिली. ऊन उतरल्यावर बजरंगनं साखळी गुंडाळून ट्रॅक्टरच्या पेटीत टाकली आणि चहा टाकायला सांगितला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ झालं.

पण नुसतं बसून राहणं म्हणजे न्हाणं नव्हे. आपलं कुठं चुकलं ते द्वारकाबाईला शोधून काढायचं होतं. तिनं वाटीत पाणी घेतलं आणि त्यात बाटलीतलं तेल टाकलं, दोनच थेंब. तेल पाण्यावर तरंगलं, पाण्यात गेलंच नाही. म्हणजे अंग बुडवलं की ते सगळं थेट कातडीला चिकटणार. मग तिनं पळीभर तिळाच्या तेलात पाच थेंब टाकून ते बोटानं कालवलं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली. आग नाही, खाज नाही, पुरळ नाही.

"एवढ्या बाळंतिणी न्हाऊ घातल्या, पण कुणाला कोरा ओवा अंगाला चोळला का म्या?" ती दीपमालाला म्हणाली. "आधी तेलात मुरवायचं, मग लावायचं. हे मला ठाऊक न्हवतं व्हय? बाटली बघून अक्कल गहाण टाकली. आन ही बाटली तुझ्या लेकराच्या जवळपास दिसली न्हाय पायजे. लहान जीवाला नि पोटुशीला असलं कायबी चालत न्हाय."

तिनं बाकीचंही एकेक बसवून घेतलं. बंब पत्र्याच्या बाहेरच पेटवायचा, आत धूर नको. डोणीच्या तळाला गोणपाट अंथरायचं, पाय सटकायला नको. भरल्या पोटी बसायचं नाही, अगदी उपाशीही नाही. पाणी कढत नको, कोपराला सुख वाटेल तेवढंच. हाताशी प्यायच्या पाण्याचा तांब्या. उठताना आधी काठ धरायचा, मग एक पाय, मग दुसरा, कारण गरम पाण्यातून झटकन उठलं की घेरी येते. आणि दाराबाहेर कुणीतरी बसलेलं हवं. बाळंतिणीसाठी ती हे सगळं न सांगता करायची. स्वतःसाठी कधी करायची वेळ आली नव्हती, म्हणून ते तिला आठवायला लागलं.

चट्टे गेले. आता उरला होता प्रश्न कधीचा. द्वारकाबाईनं ठरवून टाकलं, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. आणि तेही अंधारात नाही.

"दिवसाढवळ्या?" दीपमालानं विचारलं.

"अकरा वाजता. न्हायला म्या काय चोर हाय?"

त्याच आठवड्यात गिरिजाबाईनं दीपमालाजवळ हळूच निरोप दिला. गिरिजाबाईचे गुडघे पाच वर्षांपासून धरलेले, जिना चढता येत नव्हता. निरोप असा, की दिवस मावळल्यावर मागच्या दारानं येऊ का, अर्धा घंटा पाण्यात बसू दे, कुणाला कळायला नको.

द्वारकाबाई निर्गुडीचा पाला खुडत होती. हात थांबला नाही. "अक्काला म्हणावं, यायचं तर उजेडात या. पुढच्या दारानं. आन घरात सांगून या."

दीपमाला म्हणाली, "आत्या, त्यांच्यानं नाही व्हायचं ते."

"मग नका येऊ म्हणावं." पाल्याचा ढीग तिनं जरा जास्तच जोरात टोपलीत कोंबला. एकतीस वर्षांपूर्वीची फळीवर ठेवलेली वाटी तिला अजून दिसत होती, आणि ती दिसते याची तिला लाजही वाटत नव्हती.

पहिली आंघोळ उजाडली. पहाटे गावात फटाके वाजले, बाप्ये न्हाले, पोरं न्हाली, फराळ झाले. द्वारकाबाईनं त्या दिवशी पहाटेचं पाणी घेतलंच नाही. दहा वाजता तिनं स्वतः तुराट्या घालून बंब पेटवला. निर्गुडी, गवती चहा आणि मूठभर वाळा पातेल्यात उकळायला ठेवला. वास सगळ्या आळीत गेला. कुणी विचारायची गरजच उरली नाही.

डोण भरली. उन्हाची तिरीप सरळ पाण्यात पडत होती, गाळलेला काढा ओतल्यावर पाणी फिकट चहाच्या रंगाचं झालं. द्वारकाबाईनं कोपर बुडवला, थांबली, अर्धी बादली गार पाणी घालायला सांगितलं, पुन्हा बुडवला. मग पाटावर बसली आणि पळीतलं तेल हातावर घेतलं. हाताला, पायाला लावून झालं. पाठीशी हात पोचेना.

दीपमाला मागं उभी होती. "मी लावू?"

द्वारकाबाईनं पळी मागं सरकवली. दीपमालानं तेलाचा हात तिच्या पाठीवरून फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत, जसा द्वारकाबाईनं तिच्या बाळंतपणात फिरवला होता तसाच. एकतीस वर्षांत त्या पाठीला कुणी तेल लावलं नव्हतं. द्वारकाबाईला रडू कोसळलं. तिनं ते आवरलं नाही, मोठ्यानं रडली, आणि मग म्हणाली, "खांद्याला जरा जोरात चोळ." मग उटणं लावलं. तिनंच कुटलेलं, तिच्याच अंगाला, पहिल्यांदा.

ती डोणीत उतरली. पाणी पोटापर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. तिनं पाठ दगडाला टेकवली. दगड कोमट झाला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं दगडाला पाठ टेकवली आणि डोळे मिटले. गुडघ्यांतली गाठ सुटत चालली, बोटं पाण्याखाली आपोआप उघडली. वाळ्याचा वास नाकात गेला आणि तिला आपला नवरा आठवला. दुःखानं नाही, असाच आठवला, डोणीवर बैल घेऊन आलेला, तोंडानं शीळ घालणारा. फार बरं वाटलं तिला. सगळं सोसून वर आपण एवढं बरं वाटून घेऊ शकतो, याचा तिला अभिमान वाटला.

"बजरंग!" बाहेरून आवाज आला. तात्या होते. बरोबर बब्रुवान आणि आळीतली आणखी दोघं. "सणाच्या दिवशी हा काय तमाशा मांडलाय? तुझ्या आईला बाहेर बोलाव."

दाराला कडी नव्हती. नुसता लोटलेला पत्रा होता, बोटानं ढकलला असता तर उघडला असता. दीपमाला पत्र्याला पाठ लावून बसली. बजरंग अंगणात उभा होता.

"तात्या," तो म्हणाला, "आई न्हायली की यील."

एवढं बोलून तोच घाबरला. तात्या पत्र्याकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा भावजयीला थेट म्हणाले, "द्वारका, काय लाजलज्जा हाय का न्हाय?"

आतून पाण्याचा चुळुक आवाज आला. द्वारकाबाईनं घाई केली नाही.

"तात्या, तुमच्या मागं उभी हायेत त्यांची सगळी लेकरं-नातवंडं म्या ह्या हातानं न्हाऊ घातलीत. तुमचा नातू कुमार बी. पाच दिवसांचा असल्यापासून नागडा बघितलाय त्याला. मला लाज नका शिकवू." मग ती म्हणाली, "तुमचं उपकार म्या विसरले न्हाय. शेत पेरलंत, पोराला हात दिलात. जे सांगाल ते करीन. पण माझं अंग माझं हाय. पाणी गरम हाय अजून. गार झालं की बाहेर येते. बसायचं तर बसा, दीपमाला फराळाचं देईल."

मागचा एकजण हसला आणि खोकल्यासारखं केलं. बब्रुवान कढीपत्त्याचं झाड निरखायला लागला. तात्यांना ओरडणाऱ्या बाईचं काय करायचं ते ठाऊक होतं, रडणाऱ्या बाईचंही ठाऊक होतं. आत आरामात बसून फराळ करा म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या दारानं गिरिजाबाई आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात धुतलेलं लुगडं. एकेक पाय टाकत ती घरातून मागं आली आणि चार पुरुषांच्या मधून जायला लागली.

"तू कुठं निघालीस?" तात्या म्हणाले.

पन्नास वर्षांच्या संसारात गिरिजाबाई नवऱ्याला चारचौघांत एक वाक्य बोलली नव्हती. ती थांबली. धाप लागली होती.

"न्हायला," ती म्हणाली. "द्वारकानं सांगून या म्हणून सांगितलंय, म्हणून सांगते. तुमी घरला जावा. चुलीवर भाजी हाय, करपंल."

दीपमालानं पत्रा सरकवला, गिरिजाबाई आत गेली आणि पत्रा पुन्हा लोटला गेला. बाहेर चपलांचा आवाज झाला. तात्या निघाले होते, आणि भाजीचं नाव निघाल्यामुळं त्यांना जरा घाईनंच जावं लागलं.

आत द्वारकाबाई काठ धरून सावकाश उठली, आधी एक पाय, मग दुसरा. कोरडं लुगडं गुंडाळून पाटावर टेकली, तांब्यातलं पाणी प्यायली. जावा-जावांनी एकमेकींकडे बघितलं. गिरिजाबाईनं डोणीतल्या पाण्याकडे बघितलं. वाफ अजून थोडी येत होती.

"लई छान वास सुटलाय गं," ती हळूच म्हणाली. मग लुगडं काठावर ठेवत म्हणाली, "नवं पाणी तापवू नगं आता. मला हेच चालंल. तुझं झाल्यावरचं. शेवटचं."

ते ती मुद्दाम म्हणाली की सहज, ते द्वारकाबाईला कळलं नाही. पण गिरिजाबाईचे डोळे भरले होते, शेडमधल्या त्या दिवाळीला भरले होते तसेच. द्वारकाबाई 'शेवटचं' हा एक शब्द एकतीस वर्षं मनात घोळवत होती. कुणीतरी या बाईला शेवटचं पाणी द्यावं, असं तिला कितीदा तरी वाटलं होतं. आता ते तिच्यासमोर आयतं भरून ठेवलेलं होतं.

ती वाकली. पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि बोटं दट्ट्याभोवती मिटली. कित्येक महिन्यांनी बोटं नीट मिटली. तिनं दट्ट्या ओढून काढला. पाणी गरगरत खाली गेलं आणि पत्र्याखालून वाट काढत कढीपत्त्याच्या आळ्यात शिरलं.

"अगं!" गिरिजाबाई म्हणाली. "चांगलं पाणी सोडलंस की."

"ह्या घरात शेवटचं पाणी आता कुणीच घ्यायचं न्हाय, अक्का," द्वारकाबाई म्हणाली. पत्र्याला ठोकलेल्या फळीवरची उटण्याची वाटी काढून तिनं जावेच्या हातात दिली. "बसा पाटावर. दीपमाला, बंबात तुराट्या घाल."

डोण पुन्हा भरली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. द्वारकाबाईनं पदर खोचला, कोपर पाण्यात बुडवला आणि अर्धी बादली गार मागितली.